घाई नाही, सवडीने बघा

रात्रीचे पावणेअकरा. ताटात आमटी-भात, ताटाशेजारी मोबाइल. ऑफिसच्या ग्रुपवर साहेब उगवतात: ‘घाई नाही, सवडीने बघा.’ मिनिटभरात खाली चार ‘नोटेड सर’ आणि दोन अंगठे. आता आपलीच सवड तेवढी उठून दिसणार! डावा हात फोनकडे जातो, आमटी निवून जाते.

फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर ‘डिस्कनेक्ट’ होण्याचा हक्क कायद्यात घातला. आपल्याकडेही खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. आता १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, हा भाग वेगळा. संसदेचंही साहेबांसारखंच: घाई नाही, सवडीने बघू.

आमचं ऑफिस मात्र वाट बघत बसलेलं नाही. ‘कामानंतर मन कामातून कसं काढावं’ या विषयावर तज्ज्ञांचं व्याख्यान ठेवलंय. रविवारी सकाळी नऊला, ऑनलाइन. हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू ठेवायचा. आणि काय शिकलो, त्याचा अहवाल रात्रीपर्यंत ग्रुपवर टाकायचा.

अर्थात, सवडीने.