मर्ज सेल्स आणि स्प्लिट सेल्स यांस अनावृत पत्र

रा. रा. मर्ज सेल्स व बंधू स्प्लिट सेल्स,
मु. पो. लेआउट टॅब, वर्ड.

सा. न. वि. वि.

आपण दोघे भिंतीला भिंत लावून राहता, म्हणून एकच पत्र धाडतो आहे. कुणी आधी वाचायचं ते आपसांत ठरवा.

मी ज्युनियर कॉलेजात सायन्सचं वेळापत्रक करतो. सहा वार, आठ तासिका. काम सोपं दिसतं, म्हणून दर जूनमध्ये ते माझ्याच गळ्यात पडतं. मर्जराव, आपले उपकार आधी मान्य करतो. सुट्टीच्या ओळीतले सोमवार ते शनिवार सहाही कप्पे निवडले, आपल्यावर टिचकी मारली आणि ‘मधली सुट्टी’ कशी ऐसपैस मांडी घालून बसली! तिथेच थांबायला हवं होतं.

पण प्रॅक्टिकल म्हणून एक प्रकार असतो. ते सलग दोन तासिका चालतं, म्हणून वरखालचे दोन कप्पे जोडायचे. तीन बॅचेस तीन लॅबमध्ये जातात, म्हणून जोडलेल्याचे लगेच उभे तीन करायचे. आधी लग्न, अक्षता वाळायच्या आत वाटण्या. (वाड्यात याला दोन पिढ्या तरी लागत.)

दुसऱ्या दिवशी उपप्राचार्य बाई म्हणाल्या, “सर, मंगळवारचं प्रॅक्टिकल तेवढं गुरुवारी टाका. दोन मिनिटांचं काम.”

मंगळवारचे जुने दोन कप्पे परत मिळावेत म्हणून तिथले तीन कप्पे निवडून मी स्प्लिटरावांना हाक मारली. आपण दारातच विचारलंत, कॉलम किती, रो किती? खाली बारीक अक्षरांत एक चौकोन होता, आधीच टिक केलेला: फोडण्यापूर्वी एकत्र करा. तो कोण वाचतं? आपण फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीचा एक ढीग केलात आणि मग मी म्हणालो तितक्या भिंती घातल्यात. भिंती माझ्या हिशोबाने, आतली माणसं आपल्या मर्जीने. ‘मर्ज’चा खरा अर्थ मला तेव्हा कळला.

एक बांधतो, दुसरा सोडतो, असं मी आजवर समजत होतो. पण सोडणारं वर्डमध्ये कुणी नाहीच. एक्सेलमध्ये निदान अनमर्ज आहे. तिथे जोडताना वरच्या डाव्या कोपऱ्यातला मजकूर तेवढा राहतो, बाकीचा जातो, पण जाण्याआधी तशी सूचना तरी मिळते. मर्जराव, आपण काही टाकत नाही, सगळं एकाखाली एक कोंबता. कोण कुठल्या घरातून आलं, हे मात्र विसरता. म्हणून स्प्लिटराव जुनी घरं परत देत नाहीत, नवी चाळ बांधून देतात.

रागाच्या भरात मी फाइलच्या एका प्रतीला झिप असं नाव दिलं आणि ती उघडून आत डोकावलो. आडवे जोडलेले कप्पे खरोखर एक झालेले, ‘मी इतके कॉलम अडवतो’ अशी नोंद घेऊन बसलेले. पण उभे जोडलेले? मर्जराव, ते एक झालेलेच नाहीत! प्रत्येक ओळीत ज्याचा त्याचा कप्पा जागच्या जागी आहे. वरच्यावर ‘इथून सुरू’ असा शिक्का, खालच्यावर ‘पुढे चालू’. बाहेरून एकत्र कुटुंब, आत चुली वेगळ्या. बरं, चुली वेगळ्या आहेत तर ओळीओळीने रंग भरावा म्हणून मॅक्रो लिहिला. उत्तर आलं, या टेबलात उभे जोडलेले कप्पे आहेत, सुटी ओळ हाती लागणार नाही. म्हणजे भांडण घरात आणि दाराला कुलूप माझ्यासाठी.

बाईंची दोन मिनिटं संध्याकाळी साडेसहाला संपली. वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागलं आहे. त्यातला गुरुवार मी पट्टी आणि काळ्या पेनाने आखला आहे. तो एकच कप्पा सरळ आहे.

आपला,
वेळापत्रक विभाग (म्हणजे मी एकटाच)

ता. क. आपल्या शेजारी स्प्लिट टेबल राहतात. काल घाईत टिचकी त्यांच्यावर पडली आणि पाचव्या तासिकेपासून खालचं अख्खं कॉलेज वेगळं निघालं. त्यांना पत्र स्वतंत्र लिहीन.