आधी मुखपृष्ठ, मग चित्रपट

मॉक्युमेंटरी, म्हणजे माहितीपटाचे गंभीर सोंग घेऊन केलेली थट्टा, हा प्रकार रॉब रायनर यांच्या १९८४ च्या ‘धिस इज स्पायनल टॅप’ या चित्रपटाने लोकप्रिय केला; त्यात काल्पनिक रॉक बँडच्या अ‍ॅम्प्लिफायरचे बटण १० ऐवजी ११ पर्यंत फिरते आणि कॅमेरा ते निर्विकारपणे टिपतो. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे विद्यापीठपूर्व परीक्षेला, माध्यम-अभ्यास घेणारे विद्यार्थी असा चित्रपट योजतात तेव्हा कधी कधी प्रसिद्धीसाठी मासिकाचे मुखपृष्ठही रचतात. परिणामी एकही दृश्य चित्रित होण्याआधी बारकोड, किंमत आणि ‘वर्षातील सर्वाधिक गाजलेला चित्रपट’ ही ओळ सज्ज असते. हलणारा कॅमेरा शैली म्हणून खपतो (हात खरोखरच थरथरत असला तरी), आणि थट्टेचा विषय बहुधा चित्रपट काढू पाहणारे विद्यार्थीच असतात, कारण तेवढेच नट फुकट मिळतात.