सटायव्हमवाले सर

सकाळी बागेत फिरायला येणाऱ्यांत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त सर असतातच. बाकीचे पावलं मोजतात, सर झाडांवरच्या पाट्या तपासतात. खिशात काळा मार्कर.

चिंचेवर 'टॅमरिंडस इंडिकस' दिसलं की सर थबकतात. "इंडिका हवं! लिनिअसनं 1753 साली इंडिकाच लिहिलंय." लॅटिनमध्ये झाडं बहुधा स्त्रीलिंगी, नावाच्या शेवटी 'अस' असलं तरी, आणि विशेषण नामामागून जाणार. माळ्याला हे लगेच पटतं, कारण चिंच ती चिंचच. पण पुढं पिंपळाखाली 'फायकस रिलिजिओसा' वाचून तो म्हणतो, "सर, पिंपळ तर तो!"

सर ऐकू न आल्यासारखं करतात.

मंडईत त्यांना विशेष चेव येतो. 'सटायव्हस' म्हणजे लागवडीचा. केशर क्रोकस सटायव्हस, भात ओरायझा सटायव्हा, लसूण ॲलियम सटायव्हम. चांगला, चांगली, चांगलं, तसंच हे. काकडी आणि मुळा सटायव्हस, कोथिंबीर मात्र सटायव्हम. "नपुंसकलिंगी असू दे," बाई पिशवी पुढं करतात, "आधी जुडी घ्या."

आणि ही तर नुसती प्रथमा! मराठी विशेषण 'चांगल्या माणसाला, चांगल्या माणसानं' असं एका 'चांगल्या'वर वेळ मारून नेतं. लॅटिनला ती सवलत नाही. सहा विभक्ती, दोन वचनं, तीन लिंगं, म्हणजे छत्तीस घरं. त्यांतली बरीच रूपं सारखी असल्यानं 'बोनुस', म्हणजे चांगला, या विशेषणाची वेगळी छापील रूपं तेराच भरतात, हे सर बाकावर बसून बोटांवर मोजून दाखवतात. आपल्या दिवाळीच्या बोनसचं मूळ तेच. "अनेकवचन बोनी," सर सांगतात. "आम्हाला एकवचनातसुद्धा मिळाला नाही," बाकावरचे एक निवृत्त कारकून म्हणतात.

1 जानेवारी 2012 पासून नव्या वनस्पतीचं वर्णन इंग्रजीतही चालू लागलं. सरांनी त्या दिवशी चहा घेतला नाही म्हणतात. पण नावं लॅटिनच्या चालीनंच राहिली, आणि नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत अजून लिहिलेलं आहे: विशेषणाचं लिंग चुकलं असेल तर शेवट दुरुस्त करावा, मूळ नाव देणाऱ्याचं श्रेय तसंच ठेवावं.

परवा चिंचेच्या पाटीवरची शेवटची दोन रोमन अक्षरं खोडलेली दिसली. तिथं काळ्या मार्करनं एकच 'ए' काढला होता.