सूर्याची शिस्त

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. राळेगणसिद्धी तिच्या पहिल्या गावांपैकी, म्हणजे तिथला सूर्य जुना शासकीय कर्मचारीच. आता तो घरांच्या छपरांवरही रुजू होतोय. तीन किलोवॉटला केंद्राचे ७८ हजार अनुदान. तरी लोकांचा भाबडा प्रश्न: लाईट गेली तर? तर, बॅटरी नसल्यास, हेही बंद! तारेवरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपणहून थांबतो, भर दुपारी बारालाही. केवढी ही निष्ठा! याच न्यायाने नळाला पाणी नसेल त्या दिवशी विहिरीलाही कुलूप घालावे. त्रुटी एकच उरते: गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असताना सूर्य उगवतोच. त्याला कारणे दाखवा नोटीस बजावण्यात यावी.