पन्नास बार शिल्लक

पैसे भरेपर्यंत घासाघीस करणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात, त्यांच्यावर वेगळं लिहायची गरज नाही. आमचे मोठे साडू अण्णा पैसे भरल्यानंतर सुरू होतात. पावती हातात पडली की साधा माणूस विषय संपला म्हणतो. अण्णांचा विषय तिथून पुढे. दिलेला रुपया वस्तूच्या, सेवेच्या, अगदीच नाही तर वादाच्या रूपानं परत यायला हवा. लग्नाचा हॉल रात्री बारापर्यंत घेतलेला असला, तर नवरी सासरी पोचून तिचं माप ओलांडून झालं तरी अण्णा दोन पुतण्यांना धरून हॉलमध्ये पंख्याखाली बसलेले असतात. बारा वाजता किल्ली देतात. भाडं बारापर्यंतचं आहे.

असा माणूस ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ रिसॉर्टला गेला की त्याची सुट्टी संपते आणि नोकरी सुरू होते.

मालदीवचं ठरलं तेव्हा आम्ही दोघं बरोबर असावं, असा अण्णांचा फार आग्रह होता. त्यामागचं प्रेम नंतर कळलं: दोन जोडप्यांनी मिळून खोल्या घेतल्या तर सूट होती. निघायच्या आधी त्यांनी पॅकेजमध्ये काय काय येतं त्याचा कागद छापून, लॅमिनेट करून घेतला. हिरव्या शाईत फुकटच्या गोष्टी, लाल शाईत जादा पैशांच्या. मिनीबार रोज भरून मिळणार: हिरवा. शेवंड: लाल. दर माणशी दर दिवशी सरकारचा ग्रीन टॅक्स: लाल, आणि शेजारी उद्गारचिन्ह. आणि खालच्या बाजूला, दोनदा अधोरेखित, ‘स्कूबा, रोज एक डाइव्ह मोफत, फक्त प्रमाणपत्रधारकांना’.

या शेवटच्या ओळीनं अण्णांची झोप उडवली. रोजची एक डाइव्ह, बाहेर तिचे डॉलर किती, गुणिले दोन माणसं. एवढी रक्कम नुसत्या प्रमाणपत्रावाचून पाण्यात जाणार! तेव्हा फुकटच्या डाइव्ह मिळाव्यात म्हणून त्यांनी आधी पैसे भरून तारकर्लीला ओपन वॉटरचा कोर्स केला, आणि बायकोला, म्हणजे आमच्या ताईंनाही, करायला लावला. कोर्सचा खर्च, कराडहून जाणं-येणं, राहणं, हे सगळं मी एकदा मांडून दाखवणार होतो, पण ताईंनी डोळ्यांनी गप्प बसवलं. माहेरी जायला मिळत होतं. ताई मूळच्या मालवणच्या.

कोर्स अण्णांना जड गेला नाही. कोर्समध्ये २०० मीटर पोहून दाखवायचं असतं, १० मिनिटं पाण्यावर तरंगून दाखवायचं असतं. अण्णा लहानपणी पाठीला डालड्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले, त्यामुळे पाठीला टाकी बांधून पाण्यात शिरण्यात त्यांना काही नवल वाटलं नाही. अडचण आली ती मिशीची. डायव्हिंगचा मास्क नाकासकट चेहऱ्यावर घट्ट बसावा लागतो. खालून मिशी आडवी आली की फटीतून पाणी झिरपतं. काढून टाका, असं तिथला पोरगा सहज बोलून गेला. अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं लगेच दुसरा उपाय सांगितला: मिशीला व्हॅसलीन चोपडा. मालदीवला गेल्यावर अण्णांनी व्हॅसलीनचाही खर्च वाचवला. नाश्त्याच्या टेबलावर लोण्याच्या वड्या असतात, त्या हिरव्या शाईत होत्या. त्या दिवशी अण्णांच्या तोंडाशी मासे जरा जास्तच घुटमळत होते, असं ताईंचं म्हणणं आहे.

माले विमानतळावरून आमचं बेट सीप्लेननं. त्यात माणशी २० किलो सामान आणि ५ किलोची हातातली पिशवी, वर वजन गेलं की पैसे. म्हणून अण्णा त्या दमट उन्हात जॅकेट घालून, त्याच्या सगळ्या खिशांत चिवडा, लसणाची चटणी आणि मोबाइलचे चार्जर कोंबून विमानात चढले. तिथले वैमानिक बरेचदा अनवाणीच विमान चालवतात. आमचाही तसाच. अण्णांनी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी लागले, “बुटाचे पैसे वाचवलेत लेकांनी. तिकिटात कमी केलेत का?”

बेटावर पोचलो तर घड्याळाचा घोळ. मालदीवचं घड्याळ आपल्याहून अर्धा तास मागे. पण पाहुण्यांना संध्याकाळचं ऊन जास्त मिळावं म्हणून बरीच रिसॉर्ट आपल्या बेटापुरतं घड्याळ मालेच्या तासभर पुढे ठेवतात. आमचंही त्यातलंच. बार रात्री बाराला बंद व्हायचा. अण्णा मनगटावरचा प्लास्टिकचा पट्टा वर करून सांगायचे, मालेत आत्ता अकरा वाजलेत, देश तुमचा तोच आहे, द्या. सकाळी नाश्त्याचं दार उघडताना मात्र ते बेटाच्या घड्याळानं हजर. बारवाल्या पोरानं दोन दिवस समजावून पाहिलं, तिसऱ्या दिवसापासून तो अण्णा दिसले की ग्लास भरूनच ठेवायला लागला.

मिनीबारचं सांगायलाच हवं. रोज दुपारी खोली आवरणारा येऊन तो भरायचा, म्हणून रोज सकाळी अण्णा तो रिकामा करायचे. पिऊन नव्हे, बॅगेत. शेंगदाण्याच्या पुड्या, सोड्याचे कॅन, छोट्या पाण्याच्या बाटल्या, सगळं ओळीनं. ताई म्हणाल्या, अहो, परत जातानाही वीसच किलो आहेत. अण्णा थबकले. मग शेवटच्या संध्याकाळी त्यांनी सोड्याचे आठ कॅन एका बैठकीत संपवले. चेहरा कर्तव्यपूर्तीचा.

खरी कुचंबणा झाली ती समुद्र आणि बार यांच्यात. डाइव्हच्या आधी दारू चालत नाही. डाइव्ह सेंटरच्या पोरीनं पहिल्याच दिवशी हे हसतहसत, पण दोनदा सांगितलं. बार सकाळी दहाला उघडणार, डाइव्हची होडी कधी नऊला, कधी दुपारी अडीचला. अडीचची घेतली की सकाळपासून बार वाया. नऊची घेतली की पोटभर नाश्ता वाया, कारण भरल्या पोटी होडीत मळमळतं. अण्णांनी लॅमिनेट केलेल्या कागदाच्या मागे दोन्हींचा हिशेब मांडला. बराच वेळ मांडत होते. शेवटी नऊची होडी, नाश्ता अर्धा होडीच्या आधी आणि अर्धा, दार बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी, ओल्या कपड्यांनी.

मी डायव्हर नाही. होडीवर बसून किंवा नळी लावून वरवर पाहणारा. तिथली लाकडी होडी, धोणी म्हणतात तिला, ऐसपैस असते. खाली काय घडलं ते मला ताईंकडून आणि अण्णांच्या कपाळावर बांधलेल्या कॅमेऱ्यातून कळलं. भाड्याचा कॅमेरा, लाल शाईतला, म्हणून तो एक क्षणही बंद नव्हता. पहिल्या डाइव्हच्या चित्रणात दिसतं ते असं: एक मोठं कासव कोरलला लागून संथ चाललंय, अण्णांचा अंगठा मोठ्या कौतुकानं चौकटीत वर येतो. पाण्याखाली वर केलेला अंगठा म्हणजे ‘मला वर जायचंय’. मस्त म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनीचं कडं. वाटाड्या लगबगीनं येतो, काय झालं विचारतो. अण्णा, झकास चाललंय हे पटवायला, दोन्ही अंगठे वर करतात. वाटाड्या त्यांना दंडाला धरून वर घेऊन येतो. कासव राहिलं खाली.

हे कोर्समध्ये शिकवलेलं असतं. पण लग्नाच्या फोटोपासून मतदानापर्यंत जन्मभर ज्या बोटानं काम भागवलं, ते बोट ऐन वेळी ऐकत नाही.

दुसरा घोटाळा हवेचा. टाकीत सुरुवातीला २०० बार दाबानं हवा भरलेली असते. निदान ५० बार शिल्लक ठेवून होडीवर परत यायचं, असा तिथला शिरस्ता. वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं असतं, काही अडलं तर हाताशी हवा असावी, म्हणून. अण्णांना हे पटेना.

“पन्नास उरले म्हणजे पाव टाकी,” ते सेंटरवरच्या पोरीला म्हणाले. “पैसे पूर्ण टाकीचे. रोज पाव टाकी परत करायची, तर चार दिवसांत माझी एक आख्खी टाकी तुमच्याकडे जमा.”

“सर, तुमची डाइव्ह मोफत आहे.”

“तेच म्हणतोय. मोफत टाकी अर्धवट का द्यायची?”

पोरगी इटालियन होती. तिनं बऱ्याच देशांची माणसं बुडवून वर काढली असतील, पण तिला यावर उत्तर सुचलं नाही. खाली गेल्यावर ते अण्णांनाच मिळालं. टाकीची गंमत अशी की ती जो जितकी कमी वापरेल त्याला तितकी जास्त पुरते. घाईघाईनं पाय मारणारा, हात हलवणारा, सगळं एकदम पाहून घ्यायला निघालेला माणूस हवा भसाभस ओढतो. अण्णांनी एका बुडीत मोरी बघायची, पाकट बघायचं, ते विदूषक मासे बघायचे, आणि मागे इतरांना जे दिसलं असेल पण आपल्याला दिसलं नसेल तेही बघायचं. पंचवीस मिनिटांत त्यांचा काटा पन्नासवर. ताईंचा तेव्हा एकशे वीसवर.

ताई कशाला घाई करतील! पाण्यात उतरल्यापासून त्या एका खडकाजवळ तरंगत उभ्या होत्या. समोर एक गोबरा, मालवणच्या बाजारात त्यांनी जन्मात पाहिला नाही एवढा, तोंड उघडं टाकून बसलेला. दोन लहान मासे त्याच्या जबड्यात शिरून दात साफ करत होते. शेजारच्या कपारीतून एका शेवंडीच्या लांबलचक मिशा हलत होत्या. लाल शाईतली शेवंड. श्वास संथ, हात पोटाशी. अण्णांच्या संसारात ताईंनी आवाज, खर्च आणि अपेक्षा या तिन्ही गोष्टी इतक्या वर्षांत बेताच्या करून घेतल्यात, त्यापुढे श्वास म्हणजे किरकोळ बाब.

पण डायव्हिंगमध्ये जोडीदार लागतो, आणि जोडीतल्या एकाची हवा संपत आली की दोघांनी वर यायचं. अण्णांनी इशारा केला, ताईंना गोबरा सोडून निघावं लागलं. होडीवर आल्या, मास्क काढला, केस पिळले आणि काही बोलल्या नाहीत. अण्णा मात्र त्यांच्या टाकीचा काटा बघून कळवळले. “अगं, एकशेदहा परत केलेस!”

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी ताई सेंटरवर एकट्या गेल्या आणि आपल्या जेमतेम इंग्रजीत जोडीदार बदलून मागितला. त्यांना मिळाली एक जर्मन बाई, सत्तरीच्या घरातली, पोस्टातून निवृत्त झालेली, तीही बोलायची नाही आणि हवाही वापरायची नाही. दोघी खाली गेल्या की तासाभरानं उगवायच्या. अण्णांना जोडीदार मिळाला अमृतसरचा एक ट्रॅक्टरवाला. त्याचा काटा अण्णांच्याही आधी पन्नासवर यायचा. दोघं धोणीच्या सावलीत टॉवेल पांघरून बसायचे आणि खोबरं खात, डॉलरचा भाव वर गेला की खाली यावर बोलायचे. खोबरं होडीवर फुकट होतं.

“बायको दुसऱ्याबरोबर पाठवलीत,” मी एकदा चिडवलं.

“टाकी तिचीही आपल्याच खात्यात,” अण्णा म्हणाले. “घरातलं एक माणूस तरी पूर्ण वेळ खाली राहतंय. सरासरी काढा.”

परतीच्या आदल्या दिवशी नवाच पेच. रोज डाइव्ह करत असलात, तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं; अंगात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो. आमचं सीप्लेन सकाळचं, ही विमानं उजेडातच उडतात. म्हणजे आदल्या दुपारची होडी बंद, शेवटच्या दिवशीची तर बंदच. कागदावर मात्र स्पष्ट छापलेलं: ‘रोज एक डाइव्ह’. बुडालेल्या डाइव्हच्या बदल्यात काय देता, अशी अण्णांनी सेंटरवर मागणी ठेवली. पोरगी आत जाऊन मॅनेजरशी बोलून आली आणि एक टोपी दिली. ताईंच्या डाइव्हचीही एक टोपी लागेल, असं अण्णांनी सुचवलं. तीही मिळाली. घासाघीस संपली तरी अण्णा हलेनात. सेंटरचा एसी चालू होता.

भिंतीवर दाबाचा तक्ता टांगलेला. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीसवर ३, तीसवर ४. अण्णा चष्मा लावून वाचत राहिले. मग त्यांनी पोरीला बोलावलं.

“तीस मीटरवर दाब चौपट. म्हणजे तिथे एका श्वासात वरच्यापेक्षा चौपट हवा येते?”

“येस सर.”

“त्याच टाकीतून? वेगळा आकार नाही?”

“नाही. पण तुमचं प्रमाणपत्र १८ मीटरचं आहे. तीसला पुढचा कोर्स लागतो.”

“चाळीसला पाचपट?”

“मालदीवमध्ये तीसच्या खाली बंदी आहे सर. कायदाच आहे.”

“चौपट तर चौपट,” अण्णा म्हणाले आणि ताईंकडे वळले. डोळ्यांत चमक. “पुढच्या मे महिन्यात तारकर्लीला पुढचा कोर्स करू. इतके दिवस आपण उथळ पाण्यात नुसती पातळ हवा घेत बसलो.”

“अहो, मग टाकीही चौपट लवकर संपेल,” ताई म्हणाल्या.

“संपू दे ना. संपवायलाच भरून देतात.”

ताईंनी दोन्ही टोप्या पिशवीत टाकल्या. “मी त्या जर्मन बाईला पत्ता दिलाय,” त्या म्हणाल्या. “मे महिन्यात ती मालवणला येतेय. तुम्ही त्या ट्रॅक्टरवाल्याला विचारून बघा.”