कटऑफमामा

तंजावरजवळच्या तिरुवैयारुत पुराचे मोसम दोन. मेट्टूर धरणातून तंजावरच्या भातशेतीसाठी पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. बारावीचा निकाल मात्र मे महिन्यातच लागतो. त्यामुळे कावेरी गावात पोचायच्या कितीतरी आधी कटऑफमामा दुथडी भरून वाहत असतात.

हे कुणाचेच सख्खे मामा नाहीत. तंजावरच्या भोसल्यांबरोबर जी मराठी घराणी इकडे आली आणि राज्य गेल्यावरही राहिली, त्यांपैकी एका घरातले. तमिळ शेजारी आम्हा लोकांना सरसकट ‘रायर’ म्हणतात, पण यांना तेही मामाच म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेल्या मामांचा उद्योग एकच : दुसऱ्यांच्या मुलांनी काय शिकावं, कुठे शिकावं आणि तिथून कधी बाहेर पडावं हे ठरवणं. फी नाही. सल्ल्याला एक टंबलर कॉफी, प्रवेश मिळाला तर पाव किलो अशोका हलवा. हा मुगाच्या डाळीचा, बोटं तुपात बुडवणारा हलवा आमच्या गावची खासियत. मामांचं पोट हाच त्यांच्या यशाचा पुरावा.

ओट्यावर पांढरी वेष्टी, मांडीवर लांबडी वही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न : “कटऑफ किती?”

इकडे इंजिनिअरिंगचा कटऑफ म्हणजे गणिताचे १००, भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनाचे ५०, असे २०० पैकी मिळालेले गुण. मामांचं सगळं शिष्टाचारशास्त्र या आकड्यावर उभं आहे. १९५ च्या वरचा मुलगा दिसला की मामा अर्धे उठतात. १८० ला बसल्या जागी मान हलवतात. १६० ला “बाबा कसे आहेत?” असं विचारतात. त्याच्या खाली थेट “आजी कशी आहे?” २००७ पूर्वी प्रवेशपरीक्षाही होती आणि कटऑफ ३०० पैकी निघायचा. त्या काळातले बाप आपला आकडा सांगू लागले की मामा तो जुन्या नोटा बदलून द्याव्यात तसा मनातल्या मनात २०० च्या हिशेबात बदलून घेतात आणि त्यानुसार ओट्यावर जागा देतात.

पूर्वी या प्रवेशाचं कौन्सेलिंग चेन्नईत अण्णा विद्यापीठात व्हायचं. रात्रीच्या बसने बाप, मुलगा आणि मामा निघायचे. मोठ्या पडद्यावर उरलेल्या जागांचे आकडे झरझर कमी व्हायचे आणि मामा शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बापाला इतक्या शंका विचारायचे, की तो घाबरून भलतीच शाखा घेऊन बाहेर पडायचा. २०१८ पासून सगळं ऑनलाइन झालं. “सोय झाली,” मामा खिन्नपणे म्हणतात, “पण शेजारी बसायला माणूस राहिला नाही.”

शाखानिवडीचं त्यांचं तत्त्वज्ञान सुटसुटीत आहे. जगात शाखा एकच, कॉम्प्युटर सायन्स. बाकीच्या तिच्या सेवेला. इलेक्ट्रॉनिक्सवाले कॉम्प्युटर बनवणारे, इलेक्ट्रिकलवाले त्याची वायर लावणारे, मेकॅनिकलवाले तो ठेवायचं टेबल करणारे आणि सिव्हिलवाले ते टेबल मावेल अशी खोली बांधणारे. “म्हणजे कुठेही गेलास तरी कॉम्प्युटरपाशीच पोचणार. काळजी नको,” असा दिलासा देऊन मामा सिव्हिलवाल्याला घरी पाठवतात.

आर्ट्स-सायन्सला जाणाऱ्यांसाठी वहीत वेगळं पान आहे. आमच्याकडे बीए-बीएस्सीचे पाच भाग असतात : पहिला भाषा, दुसरा इंग्रजी, तिसऱ्यात मुख्य विषय आणि त्याच्या जोडीचे ‘अलाइड’, चौथ्यात आपल्या शाखेबाहेरचं काहीतरी, पाचव्यात समाजसेवा. आम्हा मराठी घरांची खरी लढाई पहिल्याच भागावर होते. घरात मराठी, शाळेत तमिळ, देवापुढे संस्कृत. मग घ्यायचं काय? आजी म्हणते संस्कृत, बाप म्हणतो तमिळ, मुलाला फ्रेंच हवी असते, कारण फ्रेंचच्या वर्गात दुसऱ्या कॉलेजातून आलेली एक मुलगी आहे. मामा तिघांचं शांतपणे ऐकतात आणि गेल्या पाच वर्षांत कुठल्या पेपरला मार्क सढळ पडले ते वहीत बघतात. मातृभाषेचा प्रश्न असा तीन मिनिटांत सुटतो.

मुंबईत बारावीपर्यंत शिकलेला एक भाचा इकडे दाखल झाला, तेव्हा त्याला चौथ्या भागात ‘बेसिक तमिळ’ घ्यावं लागलं, कारण शाळेत तमिळ न शिकलेल्यांना ते घ्यावंच लागतं. विज्ञानाचा पदवीधर होऊ घातलेला तो मुलगा संध्याकाळी ओट्यावर अ-आ-इ-ई गिरवत बसायचा. मामांनी त्याचंही सोनं केलं. “शंभर टक्के मार्क तुझे. पहिलीतली पोरं तुझ्या वर्गात नाहीत.”

मग एका उन्हाळ्यात पुण्याचा पुतण्या आला आणि त्याने नव्या शैक्षणिक धोरणाचा पट मांडला. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली. एका वर्षानंतर बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, आणि मिळवलेली क्रेडिट्स एका शैक्षणिक बँकेत जमा. पुढे दुसऱ्या विद्यापीठात जाऊन वापरायची. तमिळनाडूने हे धोरण घेतलेलं नाही, त्यामुळे मामांना सगळंच नवीन. ते बराच वेळ गप्प होते. शेवटी बँकेतली सगळी नोकरी पणाला लावून त्यांनी एकच प्रश्न विचारला : “नॉमिनी कोण लावलायस?”

मामांचं दैवत तंजावरचे सरफोजी महाराज. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या या राजाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला, श्वार्ट्झ नावाच्या पाद्र्याकडून इंग्रजी विद्या घेतली, मोतीबिंदूच्या रुग्णांची टिपणं ठेवली, संगीत, औषधं, पशुवैद्यक असं काहीच सोडलं नाही. मामा भक्तिभावाने सांगतात, “महाराजांनी मेजर निवडलाच नाही! सगळेच अलाइड!” मग आपल्या पोराला असंच सगळं शिकू द्यावं का, असं कुणी बापाने विचारलं की मामा दचकतात. “छे छे. त्यांना प्लेसमेंटची काळजी नव्हती.”

मोडीबद्दलही त्यांना आदर आहे. सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडून आहेत. इतिहासाची आवड असलेल्या एका मुलाला मामांनी आवर्जून मोडी शिकायला सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, “वाचणारी माणसं नाहीत. म्हणजे स्पर्धा नाही.”

पण मामांचं खरं कसब दिसतं ऑक्टोबरनंतर. तोवर पहिल्या सत्रातल्या मुलांना कळलेलं असतं की आपण चुकीच्या ठिकाणी आलोय. फोन येऊ लागतात. कुणाला कॉलेज बदलायचंय, कुणाला शाखा, कुणाला दोन्ही आणि शिवाय जमलं तर वडील. मामांची वही उलटीकडून उघडते. आधी अरियर मोज (राहिलेल्या पेपराला इकडे अरियर म्हणतात), मग टीसी काढ, टीसी काढायच्या आधी पुढची जागा बघ, मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे अडकलीत ते बघ. आणि सोडण्याचं कारण लिहायच्या जागी मामा स्वतः मजकूर सांगतात : “कौटुंबिक परिस्थिती.” ते कधीच खोटं नसतं.

आता कुणी म्हणेल, असे सल्ले देणाऱ्या माणसाकडे लोक जातात तरी कशाला? मलाही हे कोडं होतं. मग लक्षात आलं. ज्या घरात पोराची शाखा चुकते, त्या घरात बाप मुलाला बोलत नाही, मुलगा बापाला बोलत नाही. दोघं मिळून मामांना बोलतात. “त्या मामाने वाटोळं केलं!” या एका वाक्यावर तिरुवैयारुतल्या कितीतरी घरांत पुन्हा एकत्र जेवणं सुरू झाली आहेत. मामांना हे ठाऊक आहे. ज्या घरातून शिव्या येतात, त्या घरची कॉफीही ते बिनदिक्कत पितात.

या पद्धतीला तडा दिला आमच्या गल्लीतल्या एका मुलीने. इलेक्ट्रॉनिक्सचं तिसरं सत्र, अरियर शून्य. ओट्यावर येऊन म्हणाली, “मामा, मी इंजिनिअरिंग सोडतेय. इथल्या सरकारी संगीत महाविद्यालयात वीणेला जातेय.”

१९६५ पासून हे कॉलेज गावात आहे, पण मामांच्या वहीत त्याचं पान नव्हतं. कारण उघड होतं : तिथे कटऑफ नाही. “सत्रं वाया जातील,” ते म्हणाले.

“जाऊ देत.”

“अलाइड काय असेल?”

“मामा, पौष वद्य पंचमीला तुम्ही आराधनेला येता ना? पंचरत्नं गाता ना?”

मामा येतात. त्यागराजांच्या समाधीपाशी पहिल्या रांगेत बसतात, टीव्हीचा कॅमेरा कुठून फिरतो हे त्यांना पाठ आहे. पंचरत्नांतल्या नाट आणि गौळ या पहिल्या दोन रागांच्या मध्ये शेजाऱ्याच्या मुलाचा कटऑफ विचारून होतो.

“मग चौथा राग वराळी. तो गुरूने समोर बसवून शिकवायचा नाही म्हणतात, नातं तुटतं. शिष्याने ऐकून उचलायचा. हे मी तसंच उचललंय. तुम्हाला विचारायला नाही आले मी. सांगायला आलेय.”

मामांच्या कारकिर्दीत सल्ला न मागता ओट्यावर बसलेली ही पहिलीच व्यक्ती. त्यांनी वही मिटली, कॉफी मागवली, आणि तीही स्वतःच्या घरून.

संध्याकाळी मुलीचे वडील आले. तावातावाने आले. हे गृहस्थ एके काळी मामांच्याच सल्ल्याने मेकॅनिकलला गेलेले, म्हणजे टेबलवाल्यांपैकी. “हिच्या डोक्यात हे कुणी भरवलं?”

“मी,” मामा म्हणाले.

मुलगी बघतच राहिली. वडिलांना मात्र हायसं वाटलं. त्यांनी अर्धा तास मामांना मनसोक्त सुनावलं, त्यात स्वतःच्या मेकॅनिकलचाही हिशेब चुकता केला, आणि बोलून बोलून घसा सुकल्यावर पाणी पिऊन मुलीला म्हणाले, “आण तो फॉर्म.”

ती आता वीणेला आहे आणि हलवा पोचलाय. मामांनी वहीत नवं पान उघडलंय. गेल्याच आठवड्यात मुलाचा १४२ कटऑफ घेऊन हताश बसलेल्या एका बापाला ते सांगत होते, “वीणा घ्या. स्पर्धा नाही. आपल्या गल्लीतल्या एकीला मीच घालून दिली.”