पारखी नाना

नंदुरबारच्या बाजारात मिरचीचा ठसका आवरत पुढे गेलं की कोंबड्यांची ओळ लागते. पाय बांधलेले कोंबडे जमिनीवर, पिल्लं डालग्याखाली. त्या डालग्याशेजारी उकिडवे बसलेले एक नाना असतात. विकत काही नाहीत, घेत तर मुळीच नाहीत. जिल्ह्याचे तालुके सहा, पण हे नाना गावोगाव सापडतात. कुठे आबा म्हणून, कुठे भाऊ म्हणून. काम एकच: पिल्लू नर की मादी, ते सांगायचं.

काम क्षुल्लक वाटत असेल तर परसात चार पिल्लं पाळून बघा. देशी पिल्लू पहिला महिना-दीड महिना भल्याभल्यांना पत्ता लागू देत नाही. इकडे घरात मात्र सगळे हिशेब आधीच झालेले असतात. मादी निघाली तर अंडी, पुढे खुडूक झाली की नवी पिल्लं. नर निघाला तर होळी, नवस किंवा जावई.

नानांची तपासणी बघावी. आधी विडी कानावर ठेवतात. मग पिल्लाला मानेच्या कातडीला धरून अलगद उचलतात. पाय पोटाशी घेतले तर मादी, लोंबते सोडले तर नर. मग ते तळहातावर उताणं होतं. मग तुऱ्याच्या जागी अंगठा फिरतो. पिल्लू बिचारं ओरडत असतं, मालकीणबाई श्वास रोखून असतात, आणि नाना आभाळाकडे बघून म्हणतात, "मादी शे." निकाल दोन शब्दांचा, अपील नाही.

हा निकाल साधारण निम्म्या वेळा बरोबर येतो. नाणं उडवलं असतं तरी तेवढाच आला असता, पण नाण्याला कुणी चहा पाजत नाही.

चुकलं तर? एके पहाटे ती 'मादी' खुराड्यावर चढून बांग देते. बाई तणतणत येतात. नाना शांत. "मादीच होती. तुमच्याकडे येऊन बिघडली." गंमत म्हणजे यात अगदीच तथ्य नाही असंही नाही. कोंबडीचा डावा बीजकोश तेवढा काम करतो. तो रोगाने निकामी झाला तर एखाद्या म्हाताऱ्या कोंबडीला तुरा वाढतो, कोंबड्यासारखी पिसं येतात, ती आरवतेसुद्धा. हे फार क्वचित होतं, पण या एका खऱ्या गोष्टीच्या आडोशाला नानांचे सगळे फसलेले निकाल दाटीवाटीने बसलेले आहेत.

अंडं हाती लागलं तर नाना पिल्लाचीही वाट बघत नाहीत. टोकदार अंड्यातून नर, गोल अंड्यातून मादी! अॅरिस्टॉटलने 2300 वर्षांपूर्वी नेमकं उलटं लिहून ठेवलं. कोंबड्यांनी दोघांचंही ऐकलेलं नाही. नर की मादी हे अंडं घालण्याआधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरतं कोंबडीकडून. कोंबड्याचा त्यात काही हात नसतो. माणसांत मुलगी झाली की सुनेला बोल लावतात, जिथे तिच्याकडे काहीच नसतं. कोंबड्यांत खरोखर आईच ठरवते, आणि तिथे मादी झाली की घर खूश!

नानांच्या अभिमानाला धक्का बसला तो नवापुरात. 2006 च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लूने ज्या गावाचं नाव देशभर केलं, तेच हे अंड्यांचं नवापूर. शेडमध्ये हजारो कोंबड्या आणि औषधालाही कोंबडा नाही! कुणीतरी समजावलं, अंडी उबवणी केंद्रात एक दिवसाच्या पिल्लांची निवड आधीच झालेली असते. काही जातींत पंखाच्या पिसांची लांबी बघतात. एरवी पिल्लाच्या गुदद्वारातला बारीकसा उंचवटा बघायचा. ही विद्या मासुई आणि हाशिमोतो या जपान्यांनी जगाला दिली. तयार हात तासाला हजारभर पिल्लं निवडतो, चूक शेकड्यात दोन-तीन.

नानांनी ऐकून घेतलं. "आणि कोंबड्याशिवाय अंडी?"

"हो."

"मग त्यांना अंडी कशाला म्हणता?"

तेव्हापासून सरकारी योजनेत वाटल्या जाणाऱ्या तलंग (तरुण कोंबड्या) गटावरही त्यांची नजर आहे. योजनेच्या कागदात 25 माद्या आणि 3 नर. आठ-दहा आठवड्यांच्या पक्ष्यात फरक बहुतेक वेळा दिसतो: नराचा तुरा मोठा आणि लालभडक, पाय जाड. तरी नाना डालग्यात डोकावून म्हणणारच, "नर पाच दिसतात मला."

तुमच्या परसातल्या पिल्लाचं खरं काय ते हवं असेल तर तीन-चार महिने थांबा. शेपटीच्या मुळाशी, पाठीवर लांब, टोकदार, चकाकती पिसं उतरली तर कोंबडा. गोल टोकाची राहिली तर तलंग. तोवर नानांना जरूर विचारा, चहाही पाजा. फक्त त्यांच्या शब्दावर पिल्लाचा सौदा करू नका.